खालच्या बाटलीतल्या पाणपिसवा

आधी मॅडमचं सांगते, मग बाकीचं. बाकीचं सांगायला लागले की मी घाईला येते, पुढचं मागे आणि मागचं पुढे होतं, आणि त्या गडबडीत मॅडमच राहून जातील अशी मला धास्ती वाटते. आज मी ज्या खुर्चीवर बसून सूक्ष्मदर्शकात बघते ती खुर्ची त्यांनी मला दोनदा दिली. पहिल्यांदा मला तिच्यावर बसवून, आणि दुसऱ्यांदा मला तिच्यावरून कुणाला उठवू न देऊन. दुसऱ्या वेळी त्यासाठी त्यांनी स्वतःच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं. ते त्यांनी मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी नको म्हटलं असतं की गप्प बसले असते, याचा मी अजून विचार करते, आणि उत्तर मला आवडत नाही.

आमची लॅब कोलशेतला, एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. खालच्या गाळ्यात पत्रे कापतात, त्यामुळे आमच्या टेबलांना दिवसभर बारीक कंप असतो. कंपन्यांचं सांडपाणी तपासणं हे लॅबचं मुख्य काम. पण मागच्या एका खोलीत समुद्र असतो. एका संशोधन संस्थेचं जहाज समुद्रात जातं, तिथं जाळ्यात जे सापडतं ते औषधाच्या पाण्यात घालून बाटल्या भरून आणतं, आणि त्यातले जीव ओळखून मोजायचं काम आमच्याकडे येतं. औषध म्हणजे फॉर्मलिन. त्याचा वास डोळ्यांत जातो. पहिल्या आठवड्यात ताईला वाटायचं मी कामावर रडते.

मी धाराशिवकडची. आठवीत शाळा सुटली. मी सुटली असंच म्हणते, सोडली म्हणत नाही, कारण मी काही ठरवलं नव्हतं. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर यायचा त्याची वेळ आणि शाळेची वेळ एक होती. घरात आईचा गुडघा गेलेला, दादा शेतावर, ताईचं लग्न झालेलं. टँकरजवळ कुणीतरी उभं राहायला हवं होतं. एक उन्हाळा मी उभी राहिले, आणि पावसाळ्यात परत वर्गात जाऊन बसायचं ते राहूनच गेलं.

ठाण्याला आले ती ताईच्या बाळंतपणासाठी. ताई-दाजी कोलशेत गावाच्या अंगाला चाळीत राहतात. बाळ बसायला लागलं तरी मी परत गेले नाही. दाजींच्या ओळखीने लॅबमध्ये झाडू-पोछा आणि काचा, म्हणजे काचेच्या बाटल्या-नळ्या, धुवायचं काम लागलं. गावाकडून दादाचा फोन यायचा, आई मागून बोलायची. "काय करायलीस गं तिथं?" मी म्हणायचे काचा धुते. आई म्हणायची, काचा तर इथं पण हायत.

मागच्या त्या खोलीचं काम बघणाऱ्या मॅडम तेव्हा पन्नाशीच्या पुढे होत्या. डोंबिवलीच्या, कोपर स्टेशनच्या बाजूला राहणाऱ्या. बोलणं शुद्ध, स्वच्छ, एकेक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं. पण मला मात्र पहिल्या दिवसापासून "बयो" म्हणायच्या. त्यांच्या आईकडचं कोकण तेवढ्या एका शब्दात शिल्लक होतं. एकदा मी त्यांच्या टेबलाखालून झाडू फिरवत होते तेव्हा म्हणाल्या, बयो, ये, बघ इथे. मी हात पुसले, सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग एकदम काचेचा घडवलेला एक जीव दिसला. तांदळाच्या कणीसारखं अंग, अंगापेक्षा लांब दोन मिशा, शेपटीला पिसांचा झुपका. मॅडमनी विचारलं काय दिसतंय. मी सांगितलं, मिशा आहेत पण एक तुटलीये, आणि पोटात हिरवं काहीतरी आहे.

"पोटातलं हिरवं दिसलं तुला?" त्या म्हणाल्या. बस, तिथून सुरू झालं.

सरांना, म्हणजे लॅबच्या मालकांना, ते पटलं नव्हतं. सर वाईट नाहीत. हसतखेळत असतात, चहा सगळ्यांसोबत पितात, पण त्यांच्या बोलण्यात डिग्री हा शब्द दर दोन वाक्यांना येतो. आठवी फेल मुलीला झूप्लँक्टनवर, म्हणजे या तरंगत्या जीवांवर, बसवायचं म्हणजे काय, असं ते म्हणाले. मी फेल नव्हते, पण ते दुरुस्त करायची ती वेळ नव्हती. मॅडम म्हणाल्या, मोजायला डिग्री नाही लागत, बसायला लागतं.

आणि नेमकं तेच मला येत नव्हतं. बसणं.

माझा उजवा पाय हलतो. बसले की हलतो, मला न विचारता. घरून निघताना मी गॅसचं बटण बघते, जिना उतरते, परत चढून बघते. बाटलीचं झाकण लावलं की घट्ट आहे का ते बघते, ठेवलं की उचलून परत बघते. ताई म्हणते, तुझ्या अंगात कुणीतरी सारखं दार वाजवत असतं. सूक्ष्मदर्शकाखाली आम्ही एक ट्रे ठेवतो, त्यात नागमोडी गल्ली कोरलेली असते. नमुना त्या गल्लीत ओतायचा आणि ट्रे सरकवत सरकवत एकेक जीव बघत जायचा, कुठला दोनदा मोजला जाऊ नये म्हणून. माझा पाय टेबलाच्या पायाला लागायचा, टेबल थरथरायचं, गल्लीतलं पाणी हलायचं आणि त्यातले मेलेले जीव मिशा हलवायला लागायचे. पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी किंचाळून खुर्ची मागे सारली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी घरून एक जुनी रबरी पायपुसणी आणली, तिचे तुकडे करून टेबलाच्या पायांखाली घातले, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, हलू दे त्याला, टेबलाला नको लागू देऊ.

त्यांच्याकडून मी जीव ओळखायला शिकले. मिशावाले ते कोपेपॉड, त्यांच्या अनेक जाती. काचेच्या काडीसारखे, तोंडाशी आकड्यांचे पुंजके असलेले बाणकिडे. कोळंबीची पिल्लं, खेकड्यांची पिल्लं, ज्यांच्याकडे बघून कुणाला खेकडा सुचणार नाही. आणि पाणपिसू. गोल पोटाची, अंगाच्या मानाने भलामोठा एकच काळा डोळा असलेली. औषधात सगळ्यांचे रंग जातात, सगळे पांढुरके होतात, पण पाणपिसूचा डोळा काळाच राहतो. माझी ती आवडती होती. डोळ्यात डोळा घालून बघते असं वाटायचं.

प्रत्येक बाटलीवर पाण्याची खोली लिहिलेली असे. जहाजावरचं जाळं ठरवलेल्या खोलीवर उघडतं आणि ठरवलेल्या खोलीवर मिटतं, म्हणजे वरच्या थराचे जीव एका बाटलीत, मधल्या थराचे दुसरीत, आणि जिथे उजेड पोचत नाही तिथले तिसरीत. दिवसाच्या बाटल्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. कारण हे जीव एका जागी राहत नाहीत. त्यांच्यात एक कुशीला काळा ठिपका असलेला कोपेपॉड आहे, मी त्याला ठिपकेवाला म्हणते. दिवसाच्या बाटल्यांत तो खाली सापडतो, रात्रीच्या बाटल्यांत वर. एवढासा जीव, आणि रोज उंच इमारतींएवढं पाणी चढायचं आणि उतरायचं. मी मॅडमना विचारलं, रोज कशाला एवढी वरखाली दगदग, एका ठिकाणी का नाही राहत?

"वर खायला आहे, खाली जीव वाचतो," त्या म्हणाल्या. "उजेडात वर राहिलं की मासा बघतो. म्हणून अंधारात वर येऊन खायचं आणि उजाडायच्या आत खाली. सगळ्यांना नाही हं जमत. पाणपिसवा आपल्या वरच असतात."

त्या दिवसापासून ठिपकेवाल्याबद्दल मला आपलेपणा वाटायला लागला, आणि थोडी चीडही आली. त्याला आपलं खाली-वर माहीत होतं. मला माझं ठरवता येत नव्हतं. दादाने गावाकडे सोलापूरच्या बाजूचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. मुलगा बरा होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नव्हती. मला फक्त खुर्ची सोडायची नव्हती. दादाचं म्हणणं सरळ होतं: तिथं पक्की नोकरी असेल तर राहा, नुसतं शिकायला ठेवलंय असं असेल तर लग्नसराई संपायच्या आत परत ये. मी सरांना विचारलं. सर म्हणाले, वसंताची पेटी येतेय, ती नीट करून दाखव, मग बघतो पक्कं करायचं. म्हणजे सगळं त्या एका पेटीवर आलं.

वसंताची पेटी म्हणजे वर्षातली सगळ्यात महत्त्वाची पेटी. थंडी सरता सरता लांब समुद्रात पाणी हिरवं होतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींचा बहर येतो, मैलोन्‌मैल, जसं आमच्याकडे एका पावसानंतर माळ हिरवा होतो तसं म्हणा. त्या बहरात कोण जीव कुठल्या खोलीवर असतात, कोण वर येऊन खातात, कोण खालीच राहतात, हेच संस्थेला हवं होतं. फाल्गुनात भरलेल्या बाटल्या चैत्र संपताना आमच्याकडे आल्या. मॅडमची पद्धत अशी की पेटी उघडली की पहिल्यांदा त्या स्वतः प्रत्येक बाटलीचे दोन भाग करायच्या. त्यासाठी पारदर्शक प्लास्टिकचा एक ढोल आहे, मधे पडदा असलेला; नमुना ओतून तो सावकाश डोलवायचा, मग आडवा केला की दोन्हीकडे सारखा वाटा पडतो. मी त्याला पाळणा म्हणायचे. एक वाटा सीलबंद करून कपाटात, त्याला कुणी हात लावायचा नाही. दुसरा वाटा माझ्याकडे, धुऊन मोजायला.

मी मोजलं. जीव तोडून मोजलं. ताईच्या बाळाला ताप होता तेव्हाही गेले, घरी येऊन डोळे मिटले तरी पाणपिसवा दिसायच्या. आणि त्यांनीच मला अडकवलं.

सर माझे आकडे बघत होते. बघता बघता त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मॅडमना हाक मारली. सगळ्यात खालच्या थरातल्या बाटल्यांत, जिथे कायमचा अंधार असतो तिथल्या, पाणपिसवा होत्या. एखाददुसरी नव्हे. सर म्हणाले, मेलेल्या खाली बुडतात ते ठीक, पण एवढ्या? नंतर मधल्या थरातही दिवसाच्या बाटल्यांत नको ते जीव निघाले. सरांचं मत झटकन झालं: जहाजावरच्यांचं जाळं मिटलंच नाही, वर येताना उघडंच राहिलं आणि वरचे जीव गोळा करत आलं. सगळी मोहीम फुकट. ते लगेच संस्थेला मेल लिहायला बसले. त्यांच्या आवाजात थोडा आनंद होता, दुसऱ्याची मोठी चूक सापडल्यावर येतो तसा.

जाळ्याची चूक निघाली तर माझी नाही, हे कळत होतं. तरी मी खुर्चीवरून उठून भिंतीला टेकून उभी राहिले, परत बसले, परत उठले.

मॅडम सरांना म्हणाल्या, मेल सोमवारी पाठवा. सर म्हणाले, का? त्या म्हणाल्या, मला एकदा बाटल्या मांडून बघू द्या.

सर गेल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आधी मोजून झालेल्या सगळ्या बाटल्या टेबलावर आणायला लावल्या. खोलीप्रमाणे लावल्या. वरची, मधली, खालची. पाणपिसवांचे आकडे त्या क्रमात कसेही वरखाली होत होते, त्यात काही शिस्त नव्हती. मॅडम बराच वेळ चष्मा काढून, लावून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, बयो, तू कुठल्या क्रमाने धुतल्यास? वरून खाली?

नाही, मी खोलीप्रमाणे धुतलेल्या नव्हत्या. हाताला येतील तशा. पण क्रम मला पाठ होता; मी झाकणं इतक्या वेळा तपासते की कुठल्या बाटलीनंतर कुठली आली हे मी झोपेतही सांगेन. मी सांगत गेले, त्या एकेक बाटली उचलून त्या क्रमाने मांडत गेल्या. आणि मांडून झाल्यावर ते दिसलं. वरच्या थराची, पाणपिसवांनी भरलेली बाटली. तिच्या पुढची, तळाची, तिच्यात बऱ्याच पाणपिसवा. तिच्या पुढची, तिच्यात कमी. तिच्या पुढची, आणखी कमी. मग परत एक वरच्या थराची, आणि परत तसंच. खोबरेल लावलेला हात एकामागून एक चार दारांना पुसावा आणि डाग फिका होत जावा, तसं.

जाळ्याने नेल्या नव्हत्या त्या खाली. माझ्या हाताने नेल्या होत्या.

"चाळणी कशी धुतेस?" मॅडमनी विचारलं. आवाज अगदी साधा.

मी दाखवलं. बाटलीतलं औषध काढायला नमुना रेशमासारख्या बारीक चाळणीतून ओततात, जीव चाळणीवर राहतात, ते ट्रेमध्ये घ्यायचे, आणि दुसऱ्या बाटलीआधी चाळणी स्वच्छ करायची. स्वच्छ म्हणजे वाहत्या नळाखाली, जोरात, दोन्ही बाजूंनी. हे मला पहिल्या दिवशी सांगितलेलं होतं आणि मी ते करायचेही, मॅडम बघत असतील तेव्हा. पण मे महिना होता. आमच्या भागात आठवड्यातून एकदा पाणी बंद असतं, त्या दिवशी मी बादली भरून ठेवून तिच्यात चाळणी बुचकळायला लागले. आणि मग पाणी असलेल्या दिवशीही बादलीच. नळ सोडून पाणी नुसतं मोरीत जाताना बघणं माझ्याच्याने होत नाही. हात आपोआप कॉक बंद करतो. आमच्याकडे भांडी अशीच विसळतात, एका पातेल्यात सगळी, आणि ते पाणी शेवटी म्हशीपुढे. मी त्याला घाण पाणी समजतच नव्हते. दिसायला ते स्वच्छ होतं. त्यात काय तरंगतंय ते उघड्या डोळ्यांना दिसत नाही, आणि न दिसणारं बघायचीच तर माझी नोकरी होती.

सगळ्या बाटल्यांना एकच बादली. समुद्राचे सगळे थर मी त्या बादलीत एक करून टाकले होते.

मी काय बोलले ते आठवत नाही. मॅडमचं आठवतं. त्या खुर्चीवर बसल्या, चष्मा पदराने पुसला आणि म्हणाल्या, "बरं झालं, मेल गेली नाही."

सोमवारी सरांना त्यांनीच सांगितलं, मी शेजारी उभी होते. सर आधी हसले, मग त्यांचा चेहरा उतरला, कारण ती मेल गेली असती तर संस्थेसमोर तोंड दाखवायला जागा उरली नसती. मग ते माझ्यावर घसरले. इथे पाण्याचं बिल मी भरतो की तू, असं म्हणाले. टँकरवरून थेट सूक्ष्मदर्शकावर बसवलं की असंच होणार, असंही म्हणाले, आणि ते मला लागलं, कारण खरंच तसंच झालं होतं. ठरवून टाकलं त्यांनी: राखीव वाटे काढायचे, बाहेरून कुणी शिकलेला माणूस आणून मोजून घ्यायचे, आणि हिने परत काचा धुवाव्यात. मग म्हणाले, काचा पण नको, बादलीत धुवेल.

मला तिथेच सोलापूरच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला. मनातल्या मनात मी पिशवी भरायला लागले होते.

मॅडम म्हणाल्या, "तीच मोजेल. मी शेजारी बसते."

सर म्हणाले, मॅडम, तुमची रजा आहे ना पुढच्या आठवड्यात? मॅडम म्हणाल्या, होती. मला वाटलं कुठे गावाला जायचं असेल, लग्नकार्य असेल. मी विचारलं नाही. खुर्ची राहते एवढंच तेव्हा ऐकू आलं मला.

पुन्हा सुरू करण्याआधी मॅडमनी मला मोरीपाशी नेलं. पाणी असलेला दिवस होता. म्हणाल्या, नळ पूर्ण सोड. मी सोडला. चाळणी धर. मी धरली. पाणी धो धो मोरीत जात होतं, माझा पाय हलायला लागला, आणि खरं सांगते, मोकळा हात कॉककडे गेला. मॅडमनी ते बघितलं असावं. त्या वाकल्या, कोपऱ्यातली तीच बादली उचलली आणि नळाखाली, माझ्या चाळणीच्या खाली ठेवली. पाणी चाळणीतून बादलीत पडायला लागलं.

"बादली खाली ठेवायची, बयो. चाळणी तिच्यात नाही घालायची," त्या म्हणाल्या. "भरली की संडासात ओत. झाडांना नको, औषधाचं आहे."

एवढंच. ना पाण्यावर भाषण, ना माझ्या गावावर. माझी सवय त्यांनी मोडली नाही, तिची जागा बदलली. लॅबच्या संडासात आजही तेच पाणी जातं. पाणी बंद असलेल्या दिवशी आम्ही चाळणी धूतच नाही, आकडे जुळवत बसतो.

मग आम्ही दोघी शेजारी बसलो. मी बघायची, हातातलं मोजणीचं क्लिकर दाबायची. ट्रे संपला की मॅडम एकदा नजर टाकायच्या. त्या फार वेळ नळीला डोळा लावत नाहीत हे मला जाणवत होतं. उजवा लावायच्या, मग डावा, मग थोडं थांबून डोळे चोळायच्या. एकदा त्यांनी बाणकिडा आणि ट्रेखालच्या काचेवरचा ओरखडा यांत गल्लत केली. मी ट्रे जरा सरकवला, ओरखडा जागेवर राहिला, त्यांच्याही लक्षात आलं आणि त्या स्वतःवरच हसल्या. दुपारी डबा उघडला की त्यांच्या घरून फोन यायचा. एकदा त्या उठून बाहेर गेल्या नाहीत, माझ्यासमोरच म्हणाल्या, अहो, मोतीबिंदू कुठे पळून जातोय का, पिकलाय तर पिकू दे अजून महिनाभर. तेव्हा मला रजेचा अर्थ कळला. भाकरीचा घास हातात तसाच राहिला. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही जा. त्या म्हणाल्या, लोणचं दे इकडे.

कोलशेत गावात संध्याकाळी मासे विकायला बसतात, तिथून घरी जाताना जवळ्याचे ढीग दिसायचे. आमच्या घरी ताईने जवळा कधी आणला नव्हता. माझ्या बाटल्यांतल्या जीवांचा थोराड भाऊ म्हणायचा तो. एकदा मी ढिगापुढे उभी राहून नुसती बघत राहिले तर विकणारी बाई म्हणाली, काय गं, घ्यायचाय का मोजायचाय? मी दचकलेच. तिला काय माहीत.

तळाच्या बाटल्या आल्या तेव्हा मी चाळणी नळाखाली तीनदा धुतली. पहिल्या ट्रेची पूर्ण गल्ली फिरले. काळा डोळा नाही. दुसरी. नाही. त्या बाटलीत पाणपिसू नव्हती. पुढच्याही बाटलीत नव्हती. जाळं व्यवस्थित मिटलं होतं, जहाजावरच्यांनी आपलं काम चोख केलं होतं. मी मॅडमचा हात धरून हलवला, त्या म्हणाल्या, टेबल, टेबल.

आणि पाणपिसवांची गर्दी गेल्यावर जे आधी माझ्या नजरेतून निसटलं होतं ते दिसायला लागलं. दिवसाच्या बाटल्यांत ठिपकेवाले खाली होते, जिथे असायला हवेत तिथेच. त्यांच्याही खाली, अगदी अंधारातल्या थरात, एका दुसऱ्या जातीचे कोपेपॉड, धडधाकट, आणि त्यांच्या अंगात लांबट चकचकीत थेंब. मी विचारलं, हे काय? मॅडमनी बराच वेळ डोळा लावला, चांगला असलेला. तेल, त्या म्हणाल्या. बहरात वर जाऊन पोटभर खाल्लं, त्याचं तेल करून अंगात साठवलं, आणि आता हे खाली उतरलेत. झोपायला. पुढचा बहर येईपर्यंत काही न खाता याच तेलावर राहतील. त्याच वेळी वर बाकीचे अजून खाताहेत, पिल्लं घालताहेत. एकाच बहरात कुणी वर, कुणी खाली, कुणी जा-ये करणारे.

मी विचारलं, त्यांना कसं कळतं, आता पुरे, आता उतरायचं?

"ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. मला ते फार बरं वाटलं. का, ते मला सांगता येणार नाही.

अहवाल उशिरा गेला, पण खरा गेला. सरांनी उशिराचा दोष स्वतःवर घेतला, एवढं त्यांचं मान्य करायला हवं. मला पक्कं केलं तेव्हा म्हणाले, मोरीकडे कॅमेरा लावतो थांब. मी दादाला फोन केला. मागून आईने विचारलं, म्हणजे आता काचा धुवायच्या न्हाईत? मी म्हटलं, धुवायच्या, पण नळाखाली. तिला ते कळलं नाही, पण ती हसली. सोलापूरच्या मुलाचं त्याच उन्हाळ्यात दुसरीकडे जमलं. बरं झालं त्याचं.

मॅडमचं ऑपरेशन पुढे झालं. एका डोळ्याचं छान झालं. दुसरा जास्त पिकला होता, त्याला त्रास झाला, त्याची नजर पूर्ण आली नाही. डॉक्टर म्हणाले वयाने होतं. मॅडमही तेच म्हणतात. त्या महिन्याचा त्यात हात होता की नाही हे मला कुणी सांगू शकत नाही, आणि मी गॅसचं बटण बघायला जशी परत परत जिना चढते तशी त्या प्रश्नाकडे जाते. वर्षभराने त्यांनी नोकरी सोडली. आता मी कोपरला त्यांच्या घरी जाते, सुट्टीच्या दिवशी. त्यांच्या गच्चीवरून खाडी दिसते, मधे तिवरांचा पट्टा, पलीकडे राखाडी पाणी. चहा होतो. नव्या मुलीला मी काय शिकवते ते त्या विचारतात. मागच्या खेपेला मी म्हटलं, मॅडम, तुम्ही एवढी वर्षं हे जीव बघितले, त्यांचा खरा रंग काय असतो? जिवंतपणी?

त्या म्हणाल्या, मला काय माहीत. माझ्याकडे आले ते बाटलीतूनच. पुस्तकात लिहिलंय की कुणी निळे असतात, कुणी शेंदरी, आणि काही अंधारात चमकतात.

एवढी वर्षं मेलेले, पांढुरके बघूनच त्यांनी मला ते जिवंत करून सांगितले होते. माझा पाय गच्चीच्या फरशीवर हलत होता. मी त्याला हलू दिलं.

आता खाडीचे नमुने आणायला मी स्वतः होडीने जाते. जाळं धरायला येतं, ओढायला येतं, चाळणी धुवायला तर येतेच. तेव्हा मॅडम, हे मी इथे लिहून ठेवते: एका फाल्गुनात, समुद्र हिरवा झाला की मी तुम्हाला बोटीवर नेणार आहे. तुम्हाला बोट लागते हे तुम्ही सांगितलंय, लिंबू मी बरोबर घेईन. जाळं वर आलं की औषध घालायच्या आधी, एक थेंब काचेवर घेईन आणि तुमच्या चांगल्या डोळ्यासमोर धरेन. ते हलत असतील, आणि ते माझ्या पायामुळे नसेल.